रिकाम्या वेळची चिमणी

"अहो, थांबा! ते काढू नका!"

दुकानात शिरता शिरताच ती ओरडली. नुसती ओरडून थांबली असती तर ठीक होतं. पण बाईसाहेबांनी काउंटरवरून वाकून त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं मनगटच धरलं. त्याचं बोट माऊसवर, माऊसचा बाण 'काढून टाका' या बटणावर आणि तिची पाचही बोटं त्याच्या मनगटावर! समोर खुर्चीत बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाई चष्मा सावरून बघायलाच लागल्या.

"हात सोडलात तर बरं होईल," तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट बघत, "म्हणजे... तशी घाई काही नाही."

चटका बसावा तसा तिनं हात मागे घेतला. खरं तर ती आली होती स्वतःच्या लॅपटॉपची मोडकी पिन बदलून घ्यायला. पण काउंटरवरच्या स्क्रीनवर तिला ती राखाडी चौकट दिसली आणि पिनबिन सगळं विसरायला झालं.

"हा व्हायरस नाहीये," ती म्हणाली.

"मग काय आहे? बाईंचं म्हणणं असं, की त्या जागेवरून उठल्या की यांचं मशीन आपोआप घरघरायला लागतं."

"आत कोणीतरी शिरलंय!" शिक्षिकाबाई म्हणाल्या. "नातवानं काहीतरी टाकून दिलं आणि गेला आपल्या गावी. मला रात्री झोप नाही."

"बाई, आत कोणी शिरलेलं नाही. तुमचं मशीन औषध शोधतंय," ती म्हणाली. "तो आमचा प्रकल्प आहे. माझा."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता आणि डाख दिल्याचा तो उग्र, गरम वास नाकात जात होता.

मग तिनं सांगितलं. ती काम करायची त्या संस्थेत एका चिवट तापावरचं औषध शोधणं चाललं होतं. ताप म्हणजे कुलूप, औषध म्हणजे किल्ली. किल्ल्या मात्र कोट्यवधी, आणि प्रत्येक लावून बघायची. एका कॉम्प्युटरवर करायला बसलं तर म्हातारपण येईल. म्हणून थोड्या थोड्या किल्ल्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवायच्या. मालक चहाला उठला, बाजारात गेला, की त्या रिकाम्या वेळात त्याचं मशीन गुपचूप किल्ल्या लावून बघतं. मालक परत आला की लगेच थांबतं. ना कुणाचं काही जातं, ना कुणाला त्रास.

दुरुस्तीवाला हे ऐकता ऐकता डोकं खाजवायला लागला.

"असं होय..." तो म्हणाला. "मग एक सांगू का? रागावणार नसाल तर?"

"सांगा."

"मी आठवड्याला दोन-तीन मशीनवरून तरी हे काढतोय. वर्षभर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीच! तरीच या भागातले स्वयंसेवक असे गळत होते! विभागप्रमुखांनी बजावलं होतं, की महिनाअखेरपर्यंत दहा हजार मशीन जमली नाहीत तर प्रकल्प बंद. तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात. ती गावभर सभा घेत, पत्रकं वाटत फिरत होती, आणि हा गृहस्थ इथे बसून आरामात एकेक कापत होता!

"तुम्ही... तुम्ही आहात तरी कोण!" ती म्हणाली. रागात माणसाला दुसरं काही सुचत नाही हेच खरं.

"मी लोकांची भीती घालवणारा माणूस," तो म्हणाला. "आणि ही तुमची चौकट भीतीच घालते. बघा ना. राखाडी रंग, वर नुसते आकडे, आणि टाकताना अकरा प्रश्न! पहिल्याच प्रश्नाला माझे हातपाय गार पडले, आणि मी तर या धंद्यातला."

"मग करून दाखवा ना सोपं! बोलायला काय जातं?"

"करतो की! लॅपटॉप ठेवून जा. उद्या संध्याकाळी या."

आता सांगा, पिन बदलायला किती वेळ लागतो? पाऊण तास. पण ती लॅपटॉप ठेवून गेली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केस पुन्हा विंचरून गेली.

त्यानं कागदावर एक चिमणी काढून ठेवली होती. ती बसणार स्क्रीनच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी. तुम्ही काम करत असलात की ती पंख मिटून गप्प बसणार. तुम्ही उठलात की पाच मिनिटांनी टुणकन खाली उतरून दाणे टिपायला लागणार. एक दाणा म्हणजे एक किल्ली लावून बघितली. बस्स. आकडे नाहीत, प्रश्न नाहीत. एकच बटण, 'चिमणी पाळा'.

तिला ते इतकं आवडलं, की आवडल्याचं दाखवायचं नाही असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"चोच जरा वाकडी आहे," ती म्हणाली.

"माझंही नाक वाकडंच आहे. चाललंय ना?"

"तुमच्या नाकाला कोण बघतंय!"

"आत्ता तुम्हीच बघताय..."

ती बघतच होती. काय करणार!

मग रोजची संध्याकाळ त्या दुकानाच्या मागच्या खोलीत जायला लागली. एकच टेबल, दोन स्टुलं, आणि एक डुगडुगतं म्हणून त्यावर कायम तो बसायचा. किल्ल्यांचा हिशोब तिचा, चिमणीचं रूप त्याचं. भांडणं मात्र दोघांची. तिला हवी होती आणखी तीन बटणं, तो एकावरच अडून. "अहो, पण लोकांना निवडू तर द्या!" "लोकांना निवडायचं नसतं, लोकांना चहा प्यायचा असतो!" अशाच एका भांडणात तिच्या तोंडून "तू गप्प बस रे!" निघून गेलं. दोघंही दचकले. तो खरंच गप्प बसला, आणि गालातल्या गालात हसत राहिला. त्या दिवसापासून अहो-जाहो जे पळालं ते परत आलं नाही.

दुकानाबाहेर पहिली चिमणी गेली शिक्षिकाबाईंच्या घरी. आणि फजिती! त्यानं हौसेनं चिवचिवाट घातला होता. बाई उठून गेल्या, चिमणी चिवचिवली, आणि बाईंच्या मांजरानं थेट स्क्रीनवर झेप घेतली. मशीन टेबलाखाली. बाईंनी ते पोटाशी धरून दुकानात आणलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"आवाज काढ," ती म्हणाली.

"चिमणीचा?"

"तुझा काढून काय उपयोग? तो बंदच होत नाही."

आवाज गेला, मशीन सुधारलं, बाईंनीही मोठ्या मनानं चिमणी ठेवून घेतली. वर आपल्या वाचनमंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, "अगं, माझं मशीन औषध शोधतं!" झालं. एकीचं बघून दुसरीनं, दुसरीचं बघून तिच्या जावयानं, जावयाचं बघून त्याच्या अख्ख्या ऑफिसानं. संस्थेत तिच्या टेबलासमोरच्या मोठ्या स्क्रीनवर एक झाड होतं. कुणी नवं आलं, की एक चिमणी येऊन फांदीवर बसायची. सकाळी ती पर्स खांद्यावरून न उतरवताच झाडाकडे धावायची. हजार झाल्या, चार हजार झाल्या, आठ झाल्या! विभागप्रमुख कधी नव्हे ते हसले.

त्या झाडावर अगदी खालच्या फांदीवर एक वाकड्या चोचीची चिमणी होती. खाली नाव, 'पाना', नट आवळायच्या हत्याराचं. ती त्याची. सगळ्यात पहिली. दुपारी तो जेवायला गेला की ती दाणे टिपायची, आणि ही इथे बसून मनात म्हणायची, जेव बाबा, सावकाश जेव.

आणि मग दोन गोष्टी एकदम घडल्या. साडेनऊ हजारांवर झाड अडलं. आणि 'पाना' दाणे टिपेनासा झाला.

अडलं का, ते तिला माहीत होतं. हौस असलेल्या कित्येकांची मशीन जुनी होती. त्यांच्यावर चिमणी अर्ध्यातच गारठायची. "चालायला लागली की कळवा बरं का," असं म्हणून बिचारे पत्ते देऊन गेले होते. हे ती त्याच्याजवळ एकदा बोललीही होती, उसासा टाकून. पण 'पाना'चं काय? एक दिवस गेला, दोन गेले. चिमणी पंख मिटून ढिम्म. फोन केला तर, "जरा कामात आहे गं, नंतर बोलू." दुकानात गेली तर मागच्या खोलीचं दार आतून बंद, आणि दारावर 'आज दुरुस्ती नाही' अशी पाटी.

आठवडा झाला. ती सारखी झाडाची खालची फांदी बघत राहिली. काढून टाकली असेल का त्यानं? एवढ्या लोकांच्या मशीनवरून काढायची सवयच होती म्हणा...

"काय गं, नुसता भात चिवडतेयस," आत्या म्हणाली. ती आत्याकडेच राहायची. "चिमणी उपाशी आहे की तू?"

"आत्या, माणसं आरंभशूर असतात. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी कंटाळा."

"माणसं, की एक माणूस?"

"...एक."

"मग इथे भातावर राग काढून काय होणार? जा आणि त्या स्क्रूवाल्याला चार शब्द सुनाव. पण आधी जेव. रिकाम्या पोटी भांडण रंगत नाही."

ती जेवली आणि गेली. महिन्याचा शेवटचा दिवस, दुपारची वेळ. मागच्या खोलीचं दार तिनं असं वाजवलं की आतली कडीच तुटून पडली.

तो टेबलाशी होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली, भोवती चार-पाच जुनाट मशीन पोट उघडून पडलेली.

"कंटाळा आला होता तर तोंडानं सांगायचं होतं!" तिनं सुरुवातच केली. "मी काय तुला बांधून ठेवलं होतं? प्रकल्प बुडेल तर बुडेल, मी रडेन चार दिवस. पण तू सगळ्यात पहिला होतास! रोज सकाळी मी आधी तुझी चिमणी बघायचे, मग बाकीच्या. कळतंय का तुला? आणि तू... आठ दिवस तिनं एक दाणा टिपला नाही. एक!"

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"चिमणी दाणे कधी टिपते?" त्यानं हळूच विचारलं.

"विषय बदलू नकोस!"

"सांग ना. नियम तर तूच लिहिलायस."

"मालक उठून गेला की. मशीन पाच मिनिटं रिकामं..." आणि ती थांबली.

तिनं दुकानातून आत आणलेल्या त्याच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीला टॉवेल. टेबलावर उष्टे डबे, पालथे कप. माऊसची जागा हात ठेवून ठेवून काळवंडलेली.

"मी उठलोच नाही गं," तो म्हणाला. "जेवण इथेच, झोप बसल्या बसल्या, आणि मी झोपलो तरी मशीन रात्रभर चाचण्या करत राहायचं. तू म्हणालीस ना, जुन्या मशीनवर चिमणी गारठते... तिला हलकं करत होतो. पंख काढले, सावली काढली, तुझे हिशोब तेवढे तसेच ठेवले. आधी सांगितलं असतं आणि जमलं नसतं, तर पुन्हा मांजरासारखी फजिती! म्हणून दार लावून घेतलं. आत्ता अर्ध्या तासापूर्वी या सगळ्यात जुन्या खटाऱ्यावर चालली. तुला फोन करणार, तेवढ्यात कडी तुटली."

ती मटकन डुगडुगत्या स्टुलावर बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. जगभराला शिकवत फिरली होती, की चिमणी गप्प असेल तर समजा मालक कामात आहे. आणि स्वतःच्या माणसाच्या बाबतीत नेमकं तेच विसरली.

"पाठव," ती डोळे पुसत म्हणाली. "त्या सगळ्यांना पाठव, आत्ताच."

बटण त्यानं दाबलं. पत्ते तिनं दिले. मग दोघं तिच्या लॅपटॉपवर झाड उघडून बसले. काही नाही. काहीच नाही. तिनं नकळत त्याची बाही घट्ट धरली. आणि आली! एक जाडजूड, बिनपंखांची, बटाट्यासारखी चिमणी धप्पकन फांदीवर बसली. तिच्यामागून दुसरी. मग तीन, मग एक घोळकाच! शाळांच्या, गोदामांच्या, आजोबांच्या कपाटातल्या जुन्या मशीनच्या चिमण्या नुसत्या आदळत होत्या. दहा हजारावी बसली तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली, की शिक्षिकाबाई दुकानातून आत धावत आल्या. बिचाऱ्या की-बोर्ड घ्यायला आल्या होत्या.

"काय झालं? मांजर?"

"नाही हो बाई! जमलं! सगळं जमलं!"

"सगळं?" बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या धरलेल्या बाहीकडे. "मला तर अजून काहीतरी बाकी दिसतंय. मी बाहेर बसते."

बाई गेल्या.

"आठ दिवस इथे बसून..." तो म्हणाला, आणि त्याचा तो बंदच न होणारा आवाज एकदम अडखळला. "काम करत होतो, ते खरंय. पण मनात सारखं... म्हणजे मला असं म्हणायचं होतं की..."

"अकरा प्रश्न विचारू नकोस," ती म्हणाली. "एकच बटण ठेव."

तो हसला. "मला तू खूप आवडतेस. पहिल्या दिवशी मनगट धरलंस तेव्हापासून."

"मलाही तू. वाकड्या नाकासकट." तिचे कान गरम झाले होते, पण ती थांबली नाही. "आता एक कर. त्या माऊसवरचा हात काढ. आठ दिवस माझी चिमणी उपाशी आहे."

"पाच मिनिटं काही करायचं नाही?"

"कशालाही हात लावायचा नाही."

"मग हातांचं काय करू?"

तिनं आपला हात पुढे केला. त्यानं तो धरला, आधी घाबरत, मग घट्ट. बाहेरून बाईंनी विचारलं, की-बोर्ड मिळणार आहे की नाही? "पाच मिनिटं, बाई!" दोघं एकदमच ओरडले.

टेबलावरच्या स्क्रीनवर वाकड्या चोचीची चिमणी टुणकन खाली उतरली आणि दाणे टिपायला लागली. ती टिपत राहिली, कारण पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती आणि माऊसला कुणीच हात लावला नव्हता.