पंख्यात अडकलेला मासा

योंगदे गावात थंडी पडली की लाकडी मांडवांवर हजारो मासे बर्फात वाळत टांगलेले असतात. अशाच एका मांडवाशेजारच्या गॅरेजपुढे एक जुनी पांढरी गाडी वाफा सोडत थांबली, तेव्हा गॅरेजची मालकीण ओक्जू हात पुसत बाहेर आली. गाडीतला तरुण बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच ती ओरडली, "हात मागे! तोंड भाजून घ्यायचंय?"

"नको हो, चांगलं आहे तोंड," तो हसला.

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

"आया सांगतातच," ती म्हणाली. पण बघितलं तिनं नीट... तोंड खरंच चांगलं होतं.

त्याचं नाव ग्यूहान. मासेमारीच्या मोठ्या जहाजावर तो स्वयंपाकी होता. खिंडीपलीकडच्या बंदरातून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटणार होतं, दोन वर्षांसाठी. त्याआधी गाडी तिथल्या मामाच्या हवाली करायची होती.

"बाहेर बर्फ पडतोय आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर! असं कसं?"

ओक्जूनं इंजिन निवू दिलं. मग इंजिन थंड ठेवणारं कूलंट पाहिलं, ते पुरेसं होतं. पाइप कुठं गळत नव्हते.

"काटा चढतो कधी? मोठ्या रस्त्यावर?"

"छे, तिथं मधोमध असतो. चढावर ट्रकच्या मागं रखडलो की चढतो."

"म्हणजे वेगात असलात की समोरचा वारा इंजिन निववतो. हळू गेलात की ते काम पंख्याचं. आणि तुमचा पंखा झोपलाय."

तिनं विजेरीचा उजेड आत टाकला आणि खो खो हसत सुटली. पंख्याच्या पात्यांत पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला एक सुका मासा अडकला होता! गाडी घेतली की बॉनेटखाली असा मासा बांधायचा, म्हणजे गाडी सुखरूप राहते – तिकडे सगळेच बांधतात. याचा दोरा सुटला होता, मासा घसरला होता आणि अडलेल्या पंख्याची मोटर जळाली होती.

"राखण करायला बसवला, त्यानंच घात केला की! कुणी बांधला हो इतका ढिला?"

ग्यूहान हसला नाही. "आईनं. हात थरथरायचे तिचे तेव्हा... या शरदात गेली ती."

ओक्जूचं हसू विरलं. तिनं तो पात्यांनी कुरतडलेला मासा अलगद सोडवला, स्वच्छ फडक्यात बांधला आणि दोन्ही हातांनी त्याला दिला. "माफ करा," एवढंच म्हणाली.

मोटर दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. संध्याकाळी गॅरेजच्या शेगडीवर ग्यूहाननं मुळा, अंडं घालून मांडवावरच्या सुक्या माशाचं सूप रांधलं.

"मीठ कमी आहे," म्हणत ओक्जूनं दुसरा वाडगा पुढं केला.

"मग परत कशाला?"

"खात्री करायला."

"इतका बारीक तपास माझा कुणीच केला नव्हता..."

"तुमचा नाही, सुपाचा!" ती म्हणाली खरी, पण कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी नवी मोटर बसली. खात्री करायला दोघं खिंडीपर्यंत गेले. पुढं एक ट्रक रांगत होता, पंखा घरघरत होता. दोघांचेही डोळे काट्यावर.

"चढत नाही..." तो हळूच म्हणाला.

"नाही चढत."

माथ्यावर ती परतीच्या बससाठी उतरली. तोही उतरला. "ओक्जू, म्हणा ना – अजून काहीतरी बिघडलंय. तुम्ही म्हणालात की मी ऐकेन. जहाज जाईल निघून. मी इथं राहीन, रोज सूप रांधीन."

एका शब्दाचं तर काम होतं!

"मलाही वाटतं थांबावं तुम्ही... फार वाटतं," ती म्हणाली. "पण तिकडे माणसं तुमच्या भरवशावर समुद्रात निघालीत. आणि आज खोटं सांगून थांबवलं, तर उद्या माझा कुठला शब्द खरा मानाल? गाडी नीट झालीय. जा."

"दोन वर्षांनी..."

"आज काही कबूल करू नका. तेव्हा वाटलं, तर या."

तो वाकून नमस्कार करून गेला. वळणावर लाल दिवे दिसले, मग नुसताच बर्फ.

खाली गावाकडे जाणारी बस आली. चालक ओळखीचा होता. "काय गं पोरी, एकटीच उभी? झाली नाही वाटतं गाडी दुरुस्त?"

"झाली की, काका," ओक्जू म्हणाली, "अगदी नीट झाली." आणि बसमध्ये बसून, खिडकीकडे तोंड करून तिनं अश्रूंना वाट करून दिली.