उंदराएवढाही जोर

बत्तिशी आत घ्या आधी. थापा ऐकायच्या असतील तर धाकट्या काकाकडे जा. ही माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे.

साडू प्रयोगशाळेत होता. कारखान्याचं नवं रसायन नसांना बाधतं का, ते पांढऱ्या उंदरांवर बघायचं. उंदराला यंत्राची जाळी पकडू द्यायची, शेपटीला धरून अलगद मागे ओढायचं. पकड सुटली की जोर दाखवणारा काटा तिथेच थांबतो. बटण दाबलं की परत शून्यावर. उंदीर रात्रीचे जागे, म्हणून कामही रात्रीचं, लाल दिव्यात.

त्याचा थोरला भाऊ कारखान्यात तेच रसायन ढवळायचा. हातातून कप निसटायला लागले. एकदा साडूचा डबा द्यायला आला, तेव्हा गंमत म्हणून त्यानंही ती जाळी ओढली. काटा जागचा हलला नाही.

"उंदराएवढाही जोर उरला नाही रे," म्हणाला आणि हसला.

पुढच्या महिन्यात गेला बिचारा. त्याच्या जागी त्याचाच पोरगा लागला. पोटापुढे कुणाचं चालतं?

मग तो शनिवार. रात्री एकला साहेबांचा फोन. "ते लुळे पडलेले उंदीर काढ, त्या पिंजऱ्यांत धडधाकट ठेव. सकाळी तपासणीवाले येतायत."

म्हणजे रसायन पास. म्हणजे पुतण्याचेही हात जाणार. साडूला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तरी गेला. नोकरी होती ना! पहिला पिंजरा उचलला.

उंदीर गप्प झाले. सगळे. एकदम.

मागे... टक्.

वळून बघतो, तर जाळी ताणलेली. समोर कुणी नाही. काटा चढतोय... थांबतोय... पुन्हा चढतोय...

"दादा?"

...

काटा शेवटाला टेकला. जाळी सुटली.

साडूनं पिंजरा परत होता तिथेच ठेवला.

सकाळी तपासणीवाल्यांनी लुळे उंदीर पाहिले. रसायन बंद झालं. साडूची नोकरी? गेली की! पुतण्या वाचला, करंगळी तेवढी अजून मिटत नाही त्याची.

यंत्र बिघडलं म्हणून भंगारात काढलं, ते साडूनं मागून घरी आणलं. दुरुस्तीवाल्यानं सगळं खोलून पाहिलं, म्हणाला, बिघाड काहीच नाही. बटण मी स्वतः दाबून बघितलंय.

काटा शून्यावर येत नाही.