खांद्यातली कळ

"बाम आण गं," सासूबाई म्हणाल्या, आणि थोरलीच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच थबकली...

घरचाच लाँड्रीचा धंदा, त्यामुळे खांदे सगळ्यांचेच दुखायचे आणि औषधही ठरलेलं. पण धाकट्या जावेला दिवस जाऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. सकाळपासून तिच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत होतं, थोडा डागही दिसला होता. आता ती उजवा खांदा धरून कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकली होती, चेहरा पांढराफटक.

"आई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या."

"स्वतःची कूस उजवली नाही, म्हणून दुसरीचं सुख डोळ्यांत खुपतंय होय?"

बारा वर्षं थोरलीने असले टोमणे मुकाट्याने गिळले होते. केवळ या म्हाताऱ्या जिवाला आयुष्यभराचा घोर लागू नये म्हणून एक गोष्ट तिने काळजात गाडून टाकली होती... पण आज गप्प राहणं म्हणजे या पोरीच्या जिवाशी खेळ होता!

"माझाही खांदा असाच दुखला होता, आई. तुम्ही बाम चोळलात आणि मी संध्याकाळपर्यंत इस्त्री करत राहिले. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती. आत रक्त साचलं की कळ खांद्यात उठते. फार उशिरा आणलंत, दुसरी नळीही कामातून गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी आम्ही दोघांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, एवढंच."

धाकटीला आधार देत थोरलीने कपडे पोचवायच्या गाडीत निजवलं आणि सासूबाईंना शेजारी बसवून स्वतः गाडी दवाखान्याकडे हाकली.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "फुटलेली नळी काढली. वेळेत आणलंत म्हणून वाचली. दुसरी नळी उत्तम आहे, पुढे मूल होईल."

सासूबाई बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. "बारा वर्षं मी तुला नाही नाही ते बोलले... का नाही सांगितलंस?"

"सांगून माझं बाळ परत आलं असतं का, आई? तुम्ही मात्र झुरत राहिला असतात."

म्हातारी पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडली, आणि थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दार उघडून नर्स म्हणाली, "पेशंट शुद्धीवर आलीय. एकालाच सोडते. आई कोण तिची?"

सासूबाई सवयीने उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग मागे वळून त्यांनी थोरलीचा हात धरला आणि तिला पुढे केलं.

"ही," त्या म्हणाल्या.