समोरच्या माडीतलं रडणं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीच घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. साल १९७४. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेलं गाव.

आणि रात्र नव्हती... चैत्रातली भर दुपार होती.

त्या गावात दोन चुलतभाऊ इनामदारांनी समोरासमोर दगडी माड्या बांधल्या होत्या. मधे फक्त बैलगाडीचा रस्ता. एकानं खिडक्यांना रंगीत काचा बसवल्या, की दुसऱ्याच्या काचा त्याहून मोठ्या. एकानं झोपाळा टांगला, की दुसऱ्याच्या झोपाळ्याला पितळी कड्या.

एका माडीत नागम्मामावशी सून म्हणून आली. समोरच्या माडीत तिची चुलतजाऊ जगदेवी राहायची. विधवा. मूलबाळ नाही.

मावशीकडं नवं काही आलं, की आठवड्याच्या आत तसंच जगदेवीकडं यायचं. रेडिओ आला. शिलाई मशीन आलं. मावशीनं दारात मोगरा लावला, तर तिनंही लावला.

मावशीच्या डोहाळजेवणाला जगदेवी आली. जेवली नाही. नुसती मावशीच्या पोटाकडं बघत बसली. मग म्हणाली, "नागम्मा, हे कुठल्या दुकानात मिळतंय गं?"

बायका हसल्या.

जगदेवी हसली नाही.

मावशी बाळंत व्हायच्या आधीच ती तापानं गेली. नातेवाइकांनी माडीला कुलूप घातलं.

मुलगा झाला. शिवयोगी. रडायला लागला की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं!

तो सहा महिन्यांचा असेल. मावशी दुपारी झोपाळ्यावर बसली होती. तिच्या लक्षात आलं... झोपाळा हलतोय, पण कड्या करकरत नाहीत.

करकर ऐकू येत होती.

समोरच्या माडीतून.

तिनं नवऱ्याला, गुरुबसप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "रिकाम्या घरात आवाज घुमतोय. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी मावशी भाकरी थापत होती. बाळाचं रडणं ऐकू आलं. ती तशीच पाळण्याकडं धावली.

बाळ रडतच होतं. तोंड उघडं. चेहरा लालबुंद. गालांवर पाणी.

पण आवाज नव्हता...

आवाज रस्त्यापलीकडून येत होता. कुलूपबंद माडीतून.

मग तिकडचं रडणं हळूहळू थांबलं. कुणी थोपटल्यासारखं.

आणि पाळण्यातलं बाळ शांत झालं. मावशीनं हात लावायच्या आधीच.

गुरुबसप्पांनी कुलूप फोडलं. आत कोणी नव्हतं. धुळीवर साधं पाऊलही उमटलेलं नव्हतं.

मावशी त्या माडीच्या चौकात उभी राहून ओरडली, "जगदेवीअक्का! झोपाळा घे, माडी घे. माज्या लेकराचा आवाज तेवढा दे की!"



महिन्याभरात ते सगळे सोलापूरला राहायला आले. डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही. ऐकूही नीट येतं. पण शिवयोगीच्या तोंडून पुन्हा कधी आवाज फुटला नाही.

१९७९ साली मी सोलापुरात शिक्षिका होते. मावशी एकदा म्हणाली, "मला गावाकडं घेऊन चल."

आम्ही तिघं त्या रस्त्यावर उभे राहिलो. दोन्ही माड्या बंद. शिवयोगीनं मावशीचं बोट धरलं होतं.

वरून हसणं ऐकू आलं. लहान मुलाचं.

आणि मग स्पष्ट...

"अव्वा!"

आमच्या भागात कानडी घरांमधून आईला अव्वा म्हणतात.

मी शिवयोगीकडं पाहिलं. त्याचे ओठ नुकतेच मिटत होते. तो मावशीकडं बघत नव्हता. जगदेवीच्या माडीच्या खिडकीकडं बघत होता.

मी दोन पावलं मागं सरकले. मावशी मात्र घाबरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. असूया म्हणतात ना... तीच.

"तिला हाक मारतोय," ती म्हणाली. "मला एकदाबी न्हाय."

त्या दिवसापासून आजवर मी त्या गावाच्या वाटेला गेले नाही. मावशी मात्र दर अमावस्येला शिवयोगीला घेऊन जायची.

मी तिला विचारलं होतं, "भीती वाटत नाही?"

"वाटती की," ती म्हणाली. "पन दुसरं कुटं ऐकू मी त्याला?"