मऊ काकडी आणि टाकीतला पाहुणा

काकडी तुटली, पण आवाज झाला नाही.

कौमुदी चावायची थांबली. तिने स्वतः मुरत घातलेल्या बरणीतून काढलेली ती खारातली काकडी दिसायला छान होती. आखूड, हिरवट पिवळी, अंगाला मोहरीचे दाणे चिकटलेली. पण दाताखाली ती ओल्या बोळ्यासारखी नुसती दबली. तिने ती बशीत टाकली, तर नुसतं थप झालं; मग तिने दुसरी काढली. तिचीही तीच गत.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या पाइपातून आवाज आला. टक. टक. टक.

कौमुदीने चमच्याने पाइपावर तीन ठोके मारून उत्तर दिलं आणि कान लावून उभी राहिली. पलीकडे सामसूम झाली. निरोप पोचला होता.

चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ एक खोल विवर (उल्का आदळून पडलेला खड्डा) आहे. त्याच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथेच कौमुदीच्या आजोबांचं संशोधन केंद्र होतं. सुट्टीपुरती ती वेंगुर्ल्याहून तिथे आली होती. खिडकीबाहेर सदा काळोख. बाहेर हवा नाही, म्हणून आवाजही नाही. जे काही ऐकू येई ते जमिनीतून, भिंतींतून आणि पाइपांतून येई. बाकीचे शास्त्रज्ञ दुसऱ्या केंद्रावर गेलेले असल्यामुळे सध्या तिथे तिघंच राहत होती: आजोबा डॉक्टर नेरूरकर, कौमुदी आणि ठोंब्या नावाचा यंत्रमानव.

आणि पाहुणा.

विवरातला बर्फ खणताना तो सापडला होता. कोवळ्या बांबूसारख्या कांड्यांचा, काचेसारखा आरपार दिसणारा, दोन ओंजळींत मावेल एवढा गुंता. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. पण बर्फ वितळला तशी त्याची एक कांडी हळूच उचलली गेली आणि तिने भांड्यावर टकटक केली. तेव्हापासून तो प्रयोगशाळेतल्या मोठ्या टाकीत होता. पृथ्वीवरचा एकही जंतू किंवा कण त्याला लागू नये म्हणून आजोबांनी त्याला अतिशुद्ध पाण्यात ठेवलं होतं. ठोंब्या ते पाणी रोज बदलायचा. तो कुठून आला, त्याला काय हवंय, कुणालाच कळत नव्हतं. कौमुदीला पहिल्यांदा त्याची भीती वाटली होती. मग तिने एकदा टाकीच्या पाइपातून येणाऱ्या त्याच्या टकटकीला उत्तर दिलं. पुढे रोज तिच्या चमच्याची वाट बघितल्यासारखा तो थांबून थांबून ठोके देऊ लागला, आणि भीतीच्या जागी तिला त्याची काळजी वाटायला लागली.

आजोबा चहाला आले तेव्हा तिने बरणी त्यांच्यापुढे सरकवली. एक काकडी चावून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"तुझ्या आईने ही खाल्ली असती तर मला चंद्रावरून परत घेतलं नसतं," ते म्हणाले. "बोल, काय चुकलं असेल?"

आजोबा कधीच सरळ उत्तर देत नसत. त्यांनी केंद्राच्या हरितगृहातली एक ताजी काकडी आणून मोडली. काड्कन आवाज झाला.

मग त्यांनी समजावलं. काकडी म्हणजे लक्षावधी पेशींची (सजीवांच्या सगळ्यात लहान खोल्यांची) इमारत. प्रत्येक खोली पाण्याने टम्म भरलेली असते आणि खोल्यांच्या भिंती पेक्टिनने (फळाभाज्यांतल्या नैसर्गिक खळीने) एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. आपण चावतो तेव्हा भिंती एकदम फुटतात. त्या फुटण्याचा आवाज म्हणजे कुरकुरीतपणा. खळी सुटली तर खोल्या फुटत नाहीत, नुसत्या एकमेकींवरून घसरतात. मग काकडी लिबलिबीत लागते.

"म्हणजे खळी कोणीतरी सोडवली," कौमुदी म्हणाली.

कोणी, ते दोघांनी मिळून शोधायला घेतलं. काकडीच्या फुलाकडच्या टोकाशी विकरं (पेशीतली कामं झटपट करणारी रसायनं) असतात आणि ती पेक्टिन कुरतडतात. पण कौमुदीने ते टोक आठवणीने कापलं होतं. बरणी उबेत राहिली की लोणचं बिघडतं. ती थंड कोपऱ्यात होती. मीठ कमी पडलं की नको ते जंतू माजतात. मीठ तिने आईने सांगितलं तसंच मोजून घातलं होतं. काकड्या वर तरंगू नयेत म्हणून बशीही दाबून ठेवली होती. कुठे म्हणजे कुठे चूक नव्हती.

आईने सोबत दिलेल्या बरणीच्या तळाशी शेवटची काकडी उरली होती. कौमुदीने ती चावली. कडकन आवाज झाला. तीच कृती, त्याच जातीची काकडी. एक कुरकुरीत, एक मऊ.

टाकीकडून पुन्हा आवाज आला. या वेळी तो टक असा नव्हता. ओल्या फडक्यावर बोट आपटावं तसा थप, थप, आणि मग बराच वेळाने, ऐकू येईल न येईल असा तिसरा.

 असा बसका आवाज तिने नुकताच ऐकला होता. कुठे, ते मात्र तिला पटकन आठवेना.

ठोंब्या कपबशा आवरत होता. बरणीसाठी कौमुदीला पाणी आणि मीठ त्यानेच काढून दिलं होतं, म्हणून आजोबांनी त्याला ते कसलं होतं ते विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं की पाणी अतिशुद्ध, टाकीतल्यासारखंच. मीठही अतिशुद्ध.

"आईने दिलेलं खडेमीठ कुठे गेलं?" कौमुदीने विचारलं.

"ताई, ते मळकट होतं," ठोंब्या म्हणाला. "मिठागरातलं. त्यात कॅल्शियम होतं, मॅग्नेशियम होतं. मी सगळं काढून टाकलं आणि मीठ पांढरंशुभ्र केलं. केंद्राचा नियमच आहे तसा."

आजोबांचा कप ओठांपाशीच थांबला. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. पेक्टिनच्या लांब साखळ्या असतात. कॅल्शियमचे कण आकड्यांसारखे दोन साखळ्यांना पकडून ठेवतात, आणि खळी पक्की होते. विहिरीच्या जड पाण्यात आणि मिठागरातल्या मिठात हे आकडे आयतेच असतात. त्यात मुरलेली काकडी म्हणून ताठ राहते. शुद्ध पाण्यात आकडे नसतातच. उलट तिथे विसरण (जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे कणांचं पसरणं) सुरू होतं आणि काकडीतले आकडेही निसटून पाण्यात जातात.

"पाण्यात काही नाही, म्हणून पाणीच तिचं ओढून घेतं," आजोबा म्हणाले. "फार शुद्ध पाणी हे फार भुकेलं पाणी असतं, बाळा."

कौमुदीने हातातली मऊ काकडी बशीच्या कडेवर आपटली.

थप.

तिला आठवलं. ती आजोबांकडे न बघता म्हणाली, "आजोबा, पाहुणा पण असाच वाजतोय."

आजोबांनी खुर्ची मागे सारली. ते उठले आणि झपाझप प्रयोगशाळेकडे गेले. चंद्रावर झपाझप चालणं म्हणजे जवळजवळ उड्याच. कौमुदी मागोमाग धावली.

टाकीतल्या निळसर उजेडात पाहुणा तळाशी पडला होता. त्याच्या कांड्या उकडलेल्या शेवयांसारख्या लोंबत होत्या. एक कांडी काचेवर टेकली होती. कौमुदीने काचेवर तीन ठोके मारले. कांडी उचलली गेली, वाकली आणि तशीच घसरली. आवाज आलाच नाही.

आजोबांनी टाकीतलं थोडं पाणी घेऊन तपासलं. यंत्रावरचं मोजमाप बघून त्यांचा चेहरा उतरला. ज्या पाण्यात काहीच असायला नको होतं त्यात कॅल्शियम होतं.

"कुठून आलं?" कौमुदीने विचारलं, पण उत्तर तिला कळलं होतं. पाण्यात पाहुणाच विरघळत होता. आणि ते पाणी ठोंब्या रोज बदलत होता. रोज ताजं, रोज भुकेलं.

"बर्फात होता तेव्हा कण हलू शकत नव्हते, म्हणून तो टिकला," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "आपण त्याला वितळवलं, आणि जपायच्या नादात झिजवलं."

खडेमिठातलं कॅल्शियम त्याला देता आलं असतं. पण त्याच्यासोबत पृथ्वीवरचं आणखी काय काय गेलं असतं, आणि ते पाहुण्याला सोसलं असतं की नाही, कोण सांगणार? आजोबा काचेला हात टेकून उभे राहिले. 

तिने ठोंब्याला विचारलं, की टाकीतून काढलेलं पाणी कुठे जातं. चंद्रावर पाण्याचा थेंबही टाकत नाहीत, हे तिला माहीत होतं. ठोंब्या म्हणाला, ते गाळून पुन्हा वापरतात. आणि गाळणीत अडकलेलं? ते डबीत. केंद्राचा नियमच आहे तसा, काहीही फेकायचं नाही.

डबीत पांढरी भुकटी होती. पाहुण्याच्या अंगातून निघालेली, त्याचीच.

आजोबांनी कौमुदीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच कामाला लागले. भुकटी चिमूट चिमूट विरघळवून त्यांनी पाण्यात सोडली. एकदम नाही, कारण पाहुण्याच्या अंगात पेक्टिन होतं की दुसरीच कुठली खळी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आकडे मिळाले तर ती पुन्हा पकड घेईल, एवढीच आशा. ठोंब्याला पाणी बदलायची सक्त मनाई झाली. तो बिचारा हात जोडून टाकीपाशी उभा राहिला.

मग वाट पाहणं आलं. कौमुदीने तोवर दोन बरण्या भरल्या. एकीत शुद्ध पाणी आणि शुद्ध मीठ, दुसरीत ठोंब्याने मिठातून काढलेला मळकटपणा परत मिसळला. अधूनमधून ती पाइपावर तीन ठोके मारी. पाइपातून काहीच येत नसे.  त्या खोल विवरात एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

काकड्या मुरल्यावर आजोबांनी दोन्ही बरण्यांतली एकेक बशीत काढली. शुद्ध पाण्यातली मऊ निघाली. दुसरी कौमुदीने दातांखाली धरली आणि चावली.

कडकन.

आणि जणू त्या आवाजालाच उत्तर म्हणून भिंतीतून आलं: टक. टक. टक.

स्वच्छ, कोरडं, काचेवर काच वाजावी तसं. आजोबांनी डोळे पुसले आणि चष्म्यावर वाफ आली म्हणून सांगितलं. ठोंब्याने बशी पाडली. चंद्रावर ती इतकी सावकाश पडली की त्यानेच वाकून ती झेलली.

कौमुदी चमचा घेऊन पाइपाकडे धावली. पण तिने ठोके मारायच्या आतच पाहुण्याने पुन्हा तेच तीन ठोके दिले, आधीपेक्षा जोरात. तिच्यासाठी नसावेत असे.

"कडक वस्तूतून आवाज लांब जातो," आजोबा पुटपुटले. "मऊ पडला होता, म्हणून त्याची हाक खाली..."

ते वाक्य अर्धंच राहिलं. पायाखालच्या जमिनीतून, जिथे कधीच कुणी खणलं नव्हतं त्या बर्फाच्या खोलातून, अगदी हलके ठोके येत होते. आधी एका बाजूने. मग दुसऱ्या. मग विवराच्या चारही अंगांनी.

कौमुदीने आजोबांचा हात घट्ट धरला. भीती वाटत होती, पण तिने पाय मागे घेतला नाही. ती खाली बसली आणि चमच्याने जमिनीवर तीन ठोके मारले.

बर्फाखाली क्षणभर सगळं थांबलं. मग ते सगळे मिळून उत्तर देऊ लागले.