पूजेतलं इंजिन

“अजून एकदा ओढ, भरतदादा!”

“ओढतोय ना! माझा हात काय मशीन हाय?”

भरतदादाने होडीच्या इंजिनाची दोरी खस्सकन ओढली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि गप्प बसलं.

“मेलं,” आमोद म्हणाला.

“तू गप रे!” चैत्राली धाकट्या भावावर खेकसली. पण तिची नजर उबेदकडे होती. उबेद दोघांचा दोस्त. तो फक्त समोरच्या पाण्याकडे बघत होता.

पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली, तेव्हा तिघांनी दिवसभर कॅरम कुटायचा बेत केला होता. सकाळी उठून बघतात तर सावित्री नदी थेट शेतात शिरलेली! भाताची खाचरं गायब, सगळीकडे तांबडं पाणी. त्या पाण्यापलीकडच्या टेकाडावर एकच घर होतं. उबेदच्या नानीचं. नुरजहाँनानीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली इकडूनही दिसत होती, आणि पाणी ओट्याच्या पायरीला टेकलं होतं.

बचाव पथक निघालं होतं म्हणे, पण वाटेत दरड कोसळली आणि ते तिकडेच अडकलं. गावातल्या पोरांनी वल्ही मारत जाऊन बघितलं. पाण्याला ओढ इतकी की होडी आडवीच पळायला लागली. होडीला काठावरून रस्सा बांधलेला म्हणून ती परत तरी ओढता आली.

राहता राहिलं हे इंजिन. मागच्या मोठ्या पुरानंतर मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने ते गावाला दिलं होतं. तेव्हापासून ते देवळामागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडून होतं, आणि खोलीची चावी असायची गोमाजीकाकांच्या करगोट्याला. काका आपत्ती समितीचे अध्यक्ष!

“एक दसरा चुकवला नाय मी!” गोमाजीकाका पुन्हा सांगत होते. “हळद, कुंकू, तेल, झेंडूचा हार, नारळ. सगळं यथासांग!”

“आणि चालू किती वेळा केलंत?” चैत्रालीने विचारलं.

“पूजेच्या वस्तूला उगाच हात लावायचा नसतो. तुला कळायचं नाय ते!”

चैत्रालीचं डोकं सणकलं. पण भांडायला वेळ नव्हता.

भरतदादा कापडे गावचा. तिकडे त्याचं मोटरसायकलचं गॅरेज होतं. मामाकडे आला आणि पुरात अडकला, हे गावाचं नशीब. त्याने टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकलं. चहासारखं तपकिरी झालं होतं ते, आणि वास तर वॉर्निशचा! मग त्याने प्लग घासला, कार्बोरेटर उघडला आणि घासायला ब्रश मागितला.

“तो माझा दात घासायचा ब्रश हाय!” आमोद ओरडला.

“होता,” भरतदादा म्हणाला.

ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल टाकीत गेलं. दोरी ओढली. एकदा, दोनदा... आणि फटफटफटफट! इंजिन चालू! काठावर एकच जल्लोष झाला. उबेद पहिल्यांदा हसला.

भरतदादा आणि गोमाजीकाका होडीत बसले. काठावरच्या माणसांनी रस्सा सोडत नेला. होडी झकास निघाली. चिंचेच्या झाडापर्यंत पोचली, आणि फट... फट... फुस. बंद!

“ओढा! ओढा रे!”

सगळे रश्शाला लोंबकळले. होडी गिरकी घेत, चिंचेला घासत परत आली. भरतदादाने टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. “पेट्रोल तर भरपूर हाय!” झाकण लावलं, दोरी ओढली, इंजिन चालू. पुन्हा निघाले. पुन्हा त्याच चिंचेपाशी बंद. पुन्हा ओढाओढ. तिसऱ्या खेपेला तर होडीत पाणी आलं आणि काकांची टोपी वाहून गेली.

“कार्बोरेटरच खराब झालाय,” भरतदादा दमून चिखलात बसला. “पार्ट महाडला मिळंल. पण जायचं कसं?”

टेकाडावर नानी आता खुर्चीतून उठली होती. एका हाताने खांब धरून दुसरा हात हलवत होती.

“बोलावतेय आपल्याला!” आमोद म्हणाला.

“नाय,” उबेदचा आवाज फुटला. “नीट बघ. ती ‘येऊ नका’ म्हणतेय.”

चैत्रालीला राग आला. पाण्याचा, काकांचा, त्या इंजिनाचा आणि नुसतं उभं राहण्याचा. रश्शाने सोललेले तळहात तिने चिखलात दाबले आणि ती त्या इंजिनाकडे डोळे वटारून बघत राहिली. जणू रागाने बघितलं तर ते घाबरून चालू होईल!

भरतदादाने उगाच म्हणून पुन्हा दोरी ओढली. काही नाही. झाकण उघडलं, लावलं, ओढली. चालू! थोड्या वेळाने बंद.

“दादा!” ती ताडकन उठली. “तू दर वेळी झाकण उघडतोस, मगच ते चालू होतंय!”

“मग? पेट्रोल बघायला नको?”

“पुन्हा उघड. सगळे गप्प बसा!”

भरतदादाने वैतागत झाकण फिरवलं. बारीकसा आवाज आला. फुस्स!

तो आवाज चैत्रालीच्या ओळखीचा होता. आईच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खातं, मग अडतं. वर दुसरं भोक पाडलं, हवा आत गेली, की धार सुरू!

“हवा आत जात नाहीये! झाकणाला भोक असणार कुठेतरी!”

“झाकणाला भोक कसं असंल? पावसाचं पाणी नाय जाणार आत?” काका म्हणाले. “बाजूला हो गो!”

भरतदादाने मात्र झाकण उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला खरंच बारीक छिद्र होतं. आणि बाहेरून? बाहेरून तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचा जाडजूड थर! दर दसऱ्याला काका बोट टेकवत होते ते बरोबर तिथेच.

चैत्रालीने ओढणीची पिन काढली.

“ए! देवाचं कुंकू हाय ते! खरवडायचं नाय!” काका धावले.

आमोदने डोळे विस्फारले. “काका, तुमची चावी! पाण्यात पडली की हो!”

काका गर्रकन वळून करगोटा चाचपायला लागले. तेवढ्यात चैत्रालीने थर खरवडला. खपली निघावी तसा तो उचकटला, आणि खाली हवेचं भोक उघडायचा-मिटायचा एक छोटासा पितळी स्क्रू चमकला. भरतदादाने तो पकडीने सैल केला, पिनेने भोक मोकळं केलं आणि झाकण लावलं.

“चावी तर इथंच हाय! लबाडा...” काकांचं वाक्य इंजिनाच्या आवाजात बुडून गेलं.

चिंचेच्या पलीकडे रस्सा पुरणार नव्हता. तो सोडला. काका आधी थबकले, मग वल्हं उचलून मुकाट्याने होडीत चढले. चिंच आली. उबेदने डोळे मिटले. चिंच मागे गेली! फटफट चालूच! होडी टेकाडाच्या मागे वळली, आणि आवाज एकदम थांबला.

काठावरच्या कुणाला होडी दिसत नव्हती. बंद पडलं? वाहून गेले? उबेदने चैत्रालीचा सोललेला हात इतका घट्ट धरला की तिला ओरडावंसं वाटलं. पण ती ओरडली नाही. तिघं नुसती उभी होती. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आणि मग... फटफटफटफट!

होडीच्या मध्यभागी नानी बसली होती, मांडीवर कोंबडी धरून. काठाला लागताच उबेदने तिला मिठी मारली.

“रडतोस काय रे? कोंबडी दबतेय!” नानी म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. इंजिन कसं चालू झालं ते कळल्यावर तिने चैत्रालीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

“माझ्या डोक्यात कसं नाय आलं!” भरतदादा कपाळाला हात लावत म्हणाला. “गॅरेजला येशील का गो, शिकायला?”

“पगार किती?” आमोदने विचारलं. सगळे हसले.

फक्त गोमाजीकाका हसले नाहीत. “नानी म्हणतेय, खालच्या वळणावर कुशाबाच्या घरून हाका येत होत्या. तान्हं पोर हाय त्यांच्यात,” ते म्हणाले आणि भरतदादाला निघायची खूण केली. मग थांबले. सगळ्या गावासमोर त्यांनी मान वळवली ती चैत्रालीकडे.

“पोरी, निघण्याआधी अजून काय बघायचं राहिलंय?”

एरवी तिचं उत्तर प्रश्नाआधी तयार असायचं. आता मात्र ती होडीत उतरली, इंजिनाला वरपासून खालपर्यंत निरखून आली आणि मगच बोलली.

“पेट्रोल काठोकाठ भरा, काका. आणि कोरडी चादर घ्या, बाळासाठी.”

“घेतो,” काका म्हणाले, आणि चादर आणायला स्वतः पळाले.