टिनकपच्या खांबावरचं पिवळं फडकं

आधी ती गाणी बंद करा. करा म्हणतो ना. आणि जीपचे दिवेही मालवा, उगाच बॅटरी जाळताय. हं. आता बसा शेकोटीजवळ.

उद्या तुम्ही टिनकपच्या घळीत शिरणार म्हणे. डोंगरात वादळ होऊन गेलं, लोंढ्यानं रस्ता उपटून टाकला, आता तो कसा दिसतो ते तुम्हाला बघायचंय. बघा की. पेट्रोल तुमच्या बापाचं. पण घळीच्या तोंडाशी जो लोखंडी खांब आहे, ज्याला टेकून तुम्ही संध्याकाळी दात काढून फोटो काढलेत, तो कशासाठी आहे हे विचारायची तसदी एकानंही घेतली नाही. म्हणून सांगतो. माझ्या दोस्ताची गोष्ट आहे, डेल्मरची. गावात टोइंगची, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून काढायची, गाडी चालवायचा. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही, त्यामुळे धंद्यातही बिचारा मागंच राहिला.

तीन वर्षं झाली. ऑगस्टचा तिसरा शनिवार, अमावस्या तोंडावर आलेली. दुपारभर डोंगरावर काळंकुट्ट भरलं होतं आणि गावात मात्र टिपूस नाही. नेवाडात हे असंच. ढग डोंगरात फुटतो आणि इथं खाली कोरड्या ओढ्यात उभा असलेला माणूस भर उन्हात वाहून जातो. डेल्मर नुकताच जेवून उठला होता, घेवडा आणि मक्याचा ब्रेड. अंगणात गाडीच्या दिव्याची काच पुसत होता. तेवढ्यात शेरीफच्या कचेरीतून बर्निसचा फोन आला. टिनकपमध्ये कोणीतरी अडकलंय, उपग्रहावरून मदत मागायच्या यंत्राचं बटण दाबलंय त्यानं. शेरीफची माणसं हायवे तुटलाय तिथं गुंतलीयत, हेलिकॉप्टर एवढ्या वाऱ्यात उडणार नाही. एवढं सांगून ती घुटमळली.

"तुला सांगायला जीभ रेटत नाही रे, डेल्मर. पण दुसरं कोणी नाही."

 डेल्मर 'जातो' म्हणाला आणि किल्ली घेतली.

जीभ का रेटत नव्हती, ते ऐका. तो खांब म्हणजे जुन्या खाणीच्या रुळाचा तुकडा आहे, उभा ठोकलेला. घळीत फोन लागत नाही. म्हणून आत जाणाऱ्यानं खांबाला आपलं फडकं बांधायचं आणि बाहेर आलं की सोडून न्यायचं. दिवस मावळताना जवळून जाणारा प्रत्येक जण खांबाकडे बघतो. फडकं दिसलं, म्हणजे आत माणूस आहे. मग घरी जायचं नाही. आत शिरायचं आणि त्याला घेऊनच यायचं. सात जन्मांचा वैरी असला तरी. आणि दुसऱ्याच्या फडक्याला हात लावायचा नाही. ज्याचं त्यानं सोडायचं. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा मला.

डेल्मरच्या धाकट्या भावाची, रॉइसची, डोंगरात गुरं होती. त्या शनिवारच्या आदल्या वर्षी असाच लोंढा आला आणि वरच्या झऱ्यावरून हौदाला येणारी नळी तुटली. गुरं तहानेनं हंबरत होती. रॉइस नळी बघायला आत गेला. जाताना खांबाला फडकं बांधून गेला, त्याचं नेहमीचं, आईच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या पडद्याचा तुकडा. संध्याकाळी डेल्मर मुद्दाम वाट वाकडी करून खांबापाशी आला. गाडीतूनच दिवे टाकले. खांब मोकळा. आला वाटतं बाहेर, बसला असेल कुठं तरी ढोसत, असं मनाशी म्हणून तो घरी गेला, जेवला आणि गाढ झोपला.

सकाळी रॉइसची बायको रडत दारात आली, तेव्हा कळलं. घळीत वर एका कपारीवर विझलेली शेकोटी सापडली. शेजारी एक बूट, मोडलेल्या पायावरून कापून काढलेला. रॉइस रात्रभर तिथं जिवंत होता. शेकोटीत काटक्या घालत, खाली दिवे दिसतायत का बघत. पहाटे त्यानं वाट बघणं सोडलं आणि घसरत खाली आला. नेमका दुसरा लोंढा आला. घसरल्याच्या खुणा ओढ्यापर्यंत होत्या, पुढं काही नाही. देह कधी मिळाला नाही.

लोक म्हणाले, वाऱ्यानं उडालं असेल फडकं. डेल्मर खांबाच्या मागच्या बाजूला गेला, तर गाठ तिथंच होती. गाठीपुढचं कापड कोणीतरी चाकूनं कापून नेलं होतं.

ती गाठ डेल्मरनं खिशात घातली आणि वर्षभर तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला. जेवताना, गाडी चालवताना, चर्चमध्ये बसलेला असतानासुद्धा. कोण होता तो हरामखोर? एकदा हाती लागू दे, म्हणायचा. त्याच घळीत सोडून येतो त्याला, वाट बघत.

तर त्या रात्री डेल्मर खांबापाशी आला. स्वतःचा निळा रुमाल बांधला आणि आत शिरला. वर्षभरात पहिल्यांदाच.

ओल्या झुडपांचा कडवट वास भरून राहिला होता. पाऊस पडला की वाळूतून बेडूक वर येतात ना, त्यांचा नुसता कालवा चालला होता. रस्ता कसला, रस्ता राहिलाच नव्हता. जिथं चाकोरी होती तिथं पुरुषभर खोल चर, जिथं सपाट होतं तिथं गाडीएवढे धोंडे. डेल्मर ओढ्याच्या पात्रातूनच गाडी हाकत होता. तेवढीच जागा मोकळी होती.

मग बेडूक गप्प झाले.

सगळे. एकदम.

डेल्मरनं गाडीचा वेग कमी केला. दिव्याच्या उजेडात पुढं एक माणूस चालत होता. पाठमोरा. लंगडत. अडकलेला तोच असणार, असं वाटून डेल्मरनं हॉर्न दिला. माणूस थांबला. वळला नाही. नुसता डावा हात वर केला आणि काठाकडे दाखवला. तिथून खाणीची जुनी वाट वर चढत होती. मग तो त्या वाटेनं निघाला.

डेल्मरही त्याच्या मागं वर चढला. मागची चाकं काठावर आली, न आली... आणि खाली आवाज झाला. धोंड्यावर धोंडा आपटतो तसला. काळं पाणी आलं, झाडं घेऊन आलं, आणि डेल्मर क्षणापूर्वी होता त्या पात्रातून धाडधाड निघून गेलं.

त्यानं समोर बघितलं. वाट मोकळी होती. कोणी नव्हतं.

 भास असेल, म्हणाला. आणि तसाच पुढं गेला, कारण मागं वळायला जागाच नव्हती.

पुढच्या वळणावर जीप दिसली. काठाला नाक खुपसून, दारांपर्यंत चिखलात. टपावर एक तरुण पोरगा गुडघे पोटाशी धरून बसला होता. कोल्टन त्याचं नाव. तुमच्यासारखाच, शहरातला. वादळानंतरचे रस्ते शोधत हिंडायचा, सगळ्यांच्या आधी आत शिरायची हौस. डेल्मर खाली उतरला तसा तो रडायलाच लागला. आणि पहिलं काय विचारलं?

"तुमच्याबरोबरचा तो दुसरा कुठाय?"

"कोण दुसरा?"

"तो... लंगडणारा. संध्याकाळपासून येतोय. बोलत काहीच नाही. नुसता आरशापाशी उभा राहतो."

डेल्मरनं जीपच्या बाजूच्या आरशावर बॅटरी टाकली.

आरशाच्या दांडीला पिवळं फडकं बांधलेलं होतं. उन्हानं विटलेलं. पण बारीक फुलं ओळखू येत होती. त्यानं खिशातून गाठ काढली आणि कापलेल्या कडेला लावली. जुळली.

"हे कुठं मिळालं तुला?"

"ते? खाली खांबावर होतं. मागच्या वर्षी. रंग छान होता, म्हणून... मला वाटलं, कोणीतरी टाकलंय."

"गाठ मारून टाकतात?"

पोरगा गोंधळला. म्हणाला, "गाठ सुटेना, म्हणूनच तर कापलं."

 डेल्मरच्या हातात गाडी ओढायचा लोखंडी हूक होता. तो उचलला गेला नाही, हे त्या पोराचं नशीब. डेल्मर हळू आवाजात बोलला, आणि तो हळू बोलला की गावातली माणसं मागं सरतात.

"ते ज्याचं होतं ना, तो तेव्हा आत होता. माझा भाऊ. पाय मोडून पडला होता. रात्रभर जिवंत होता तो. मी खांब बघितला आणि घरी जाऊन झोपलो."



डेल्मरनं फडकं सोडून घेतलं. हूक परत आपल्याच गाडीला अडकवला. "पहाटे अजून एक लोंढा येईल. इथं येतोच. बस वाट बघत. कसं वाटतं, ते तुलाही कळू दे."

आणि तिथल्या रुंद जागेत गाडी फिरवून तो निघाला. मागून हाका येत होत्या. काका म्हणत होता, देवाची शप्पथ घालत होता. डेल्मरनं काच वर केली. त्यानं मला नंतर सांगितलं, त्या घडीला मला गार वाटलं रे, वर्षभरात पहिल्यांदा छातीत गार वाटलं.

वळण आलं. हाका थांबल्या.

उजेडात... रस्त्याच्या मधोमध... तो उभा होता. या वेळी तोंड गाडीकडे. अंगावर वाळका चिखल. एका पायात बूट. दुसरा अनवाणी, वाकडा.

डेल्मरनं ब्रेक दाबला.

"रॉइस?"

डेल्मरनं काच खाली घेऊन डोकं बाहेर काढलं.

"बाजूला हो."



हॉर्न दिला. दोनदा. डोंगरानं तो परत दिला. रॉइस हलला नाही. मग डेल्मर दार उघडून खाली उतरला आणि ओरडला. वर्षभर साठलेलं सगळं त्या घळीत ओतलं. त्यानं तुला मारलं, म्हणाला. आरशाला लटकवून मिरवत होता तो, आईच्या पडद्याचं कापड. आणि तू त्याच्यासाठी रस्ता अडवतोस? तुला कोण आलं होतं रे? कोणी आलं होतं का?



रॉइसनं हात वर केला. डेल्मरच्या खांद्यावरून मागं, घळीत वर, बोट दाखवलं. बोट तसंच धरून राहिला...

आत माणूस आहे.

डेल्मरनं भावाला आईवरून शिवी दिली. आई दोघांची एकच होती, हे नंतर त्याच्या ध्यानात आलं. मग रडत, दात खात, गाडी उलटी घेत घेत तो परत गेला आणि त्या पोराची मानगूट धरून त्याला गाडीत कोंबलं. परत वळणावर आले तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यानं आपला निळा रुमाल सोडला आणि पिवळं फडकं खांबाला बांधलं. गाठीवर गाठ मारली, दातांनी ओढून. रॉइस अजून आत होता, तेव्हा त्याचं फडकं तिथंच असायला हवं. पोरगा हात जोडल्यासारखे धरून विचारत होता, मी काय करू, सांगा, मी काय करू. डेल्मर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पुन्हा कशाला हात लावू नकोस. बास."

माफ केलं का, म्हणून विचारू नका. नाही केलं. आजही त्या पोराचं नाव काढलं की डेल्मर ताटावरून उठतो. आणि मला विचाराल तर बरोबर करतो.

पोराला दवाखान्यात टाकून तो घरी गेला, पण डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे घळीत गडगड झाली, ती गावापर्यंत ऐकू आली. उजाडताच तो खांबापाशी परत आला. लोंढ्यानं घळीच्या तोंडाशी ओला गाळ पसरून ठेवला होता, लादी पुसल्यासारखा. चाकाची एक खूण नव्हती त्यावर.

खांबावर फडकं नव्हतं.

डेल्मरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा? पाना हातात घेऊनच तो खाली उतरला आणि खांबाच्या मागच्या बाजूला गेला. कापलेलं टोक नव्हतं. गाठ नव्हती. धागासुद्धा नव्हता.

मग त्यानं खाली बघितलं.

गाळात पावलं उमटली होती. एक बुटाचं, एक अनवाणी. खांबापाशी दोन्ही शेजारी शेजारी खोल रुतलेली, अवघड गाठ सोडताना माणूस बराच वेळ उभा राहतो, तशी. मग पुढं, गावाच्या रस्त्याकडे.

घळीतून बाहेर आलेली. आत गेलेली एकही नाही.